मथुरेची तान

कंपनीची नायिका मथुरा दुपारी वारली, आणि संध्याकाळचा खेळ ठरल्याप्रमाणे झाला. बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरीचा मुक्काम रद्द करणं मालकांना परवडणारं नव्हतं. ते दासीचं काम करणाऱ्या येसूबाईला म्हणाले, "येसू, नायिकेची पदं तुला येतात. उभी राहा."

तापाने गेलेल्या मथुरेचा शालू येसूबाई नेसली. त्याला अजून तिच्या हिना अत्तराचा वास येत होता. विरहाच्या पदात तिने तान घेतली आणि तिच्या कानाशी दुसरा गळा लागला. मथुरेचाच. लोकांना तो ऐकू गेला नाही. त्यांनी वन्स मोअर दिला. येसूबाई कशीबशी विंगेत आली आणि कोसळली.

त्यानंतर ती गायली नाही. कंपनी बुडाली. तिने इथल्याच एका खलाशाशी लग्न केलं, खाडीपलीकडच्या भाट्याला संसार थाटला. पोरांनासुद्धा तिने नुसतं थोपटून निजवलं.

पंच्याऐंशी साली गावच्या हौशी मंडळींनी तेच नाटक बसवायला घेतलं. बसवणारा महिपत तिच्या पाया पडला. "आजी, त्या चाली आता तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत."

"पेटीवर दाखवीन. गाणार मात्र नाही हां."

नायिका होती राही, नारळ संशोधन केंद्रातली कारकून. गळा गोड आणि स्वभाव धीट. शाळेच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. एका रविवारी विरहाचं पद आलं. राहीने शब्द मध्येच तोडला, श्वास घेतला आणि वरच्या सुरावरून थरथरत खाली आली. येसूबाईची बोटं पेटीवरच थिजली. अशी तान एकटी मथुरा घ्यायची.

"ही कुणी शिकवली गो तुला?"

"तुम्हीच की. आत्ता माझ्या मागून म्हणत होता ना?"

"मी तुझ्यासमोर बसलेय, राही."

राहीने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत. तिचा चेहरा उतरला. "आजी, हे पद काढून टाका. मी नाही म्हणणार."

आपली जागा बळकावली म्हणून मथुरा पाठीस लागली आहे, असंच येसूबाई जन्मभर धरून चालली होती. पण रागावलेलं माणूस कुणाला तान शिकवील का?

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "ती माझ्या ओळखीची आहे. बस इथे."

आणि इतक्या वर्षांनी तिने तोंड उघडलं. आवाज फाटका, घोगरा निघाला. दुसऱ्या ओळीला तो जुना गळा शेजारी आला. येसूबाई थांबली नाही. तानेच्या जागी ती मागे सरली आणि तिने मथुरेला पुढे जाऊ दिलं. मग दोघींनी मिळून पद शेवटापर्यंत नेलं. राही पदराने डोळे पुसत होती. तिने काय ऐकलं ते येसूबाईने विचारलं नाही.

नाटकाच्या दिवशी मांडव भरला होता. विरहाच्या पदाला वन्स मोअर आला. राही धापा टाकत विंगेत आली. "आजी, आज कुणी आलं नाही. एकटीच गायले."

"बरं झालं," येसूबाई म्हणाली.

राही पुढच्या प्रवेशाला गेल्यावर ती पडद्याआड गेली आणि पदाची पहिली ओळ हलकेच म्हणून थांबली. बाहेर टाळ्या वाजत होत्या. तिने पुन्हा तीच ओळ म्हटली, थोडी मोठ्याने, आणि वाट पाहत उभी राहिली.