माणूस हाय

तूर डोक्याच्या वर गेली की आत शिरलेला माणूस दिसत नाही. ज्यांची तुरीशी ओळख फक्त वरणापुरती आहे, त्यांच्यासाठी एवढं सांगणं भाग आहे. साखऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत फवारणीचं ड्रोन मी चालवते. गावाची त्यातली नवलाई पहिल्या हंगामातच संपली, माझी त्याच्याही आधी. दिवसभर मान वर करून उभं राहायचं, आणि वर ऐकायचं काय, तर शीतलचं बरंय, नुसती बटणं दाबायची.

सोबतीला माझी माय असते, जनकाबाई. मागच्या साली गावातली रूपाबाई तुरीत शेंगा तोडत होती आणि माझ्या ड्रोननं तिच्या डोळ्यांत औषध उडवलं. चार दिवस तिचे डोळे चुरचुरत होते. तेव्हापासून मायनं एक काम अंगावर घेतलं. ड्रोन उडवण्याआधी ती बांधावरून हाक देते, "तुरीत कोण हाय?" आत कुणी असलं तर त्यानं ओरडायचं, "माणूस हाय!" मग माय म्हणते, "बाहीर निघ बाबा," आणि तो निघेपर्यंत बांधावरून हलत नाही. ती हलली की मगच मी बटण दाबायचं. आता सगळ्या शिवाराला हे पाठ झालंय.

माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश आखातातल्या एका बंदरात, तेलाच्या टाक्यांवर कामाला आहे. दीड महिन्यापासून तिकडे लढाई सुरू आहे आणि त्या टाक्यांवर ड्रोन येतात. माझ्या ड्रोनसारखी नव्हेत. हजार-दीड हजार किलोमीटरवरून सोडलेली, पोटात स्फोटकं भरलेली. कुठे पडायचं ते सोडतानाच ठरलेलं असतं. माझं ड्रोन बॅटरी उतरत आली की जिथून उडालं तिथं आपोआप परत येतं. त्यांना परतीचा रस्ताच दिलेला नसतो.

मायला यातलं काही माहीत नव्हतं, आणि चूक माझीच. पहिल्यांदा फोनवर प्रज्ञेशच्या तोंडून निसटलं, "आज इकडं ड्रोन आलं होतं," तेव्हा ती खुश झाली.

"तिकडं बी फवारणी करतेत व्हय?"

तो अडखळला, आणि मी मध्येच तोंड घातलं, "व्हय माय, खजुरावर मारतेत." खजूर! दुसरं काही सुचलंच नाही. त्या दिवसापासून ती रोज त्याला विचारायची, आधी हाक देतेत का? तो सांगायचा, भोंगा वाजतो. "मंग बराबर हाय," माय म्हणायची.

प्रज्ञेशनं मला शपथ घातली होती. कंपनीनं भारतात परत जाणाऱ्यांची यादी काढली होती, शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं होतं. त्याला द्यायचं नव्हतं. पाच वर्षांनी नुकताच कुठे तो सुपरवायझर झाला होता. "मायला कळलं तर ती ये म्हणंल, आन ती म्हणली की मला यावंच लागंल. तू बोलू नको, ताई." मी बोलले नाही. पण रोज उठून तेच खोटं सांभाळायचं, याचा कंटाळा आला होता. त्याचा राग यायचा, माझा यायचा, ती ड्रोनं सोडणाऱ्यांचा तर यायचाच. पण शेवटी रागवायलाही अंगात त्राण लागतं.

गुरुवारी सकाळी फुलसिंगभाऊंची तूर अर्धी फवारून झाली आणि वारा सुटला. काम थांबवलं. माय ड्रोनची टाकी धुवायला बसली. मी प्रज्ञेशला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्यासमोर धरला. तो रात्रपाळीवरून आला होता, राहत्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होता.

"जय भीम, माय. जेवली का?"

"जय भीम. खाल्ली भाकर. तू सुकला रे."

तेवढ्यात फोनमधून घरघर ऐकू आली. जुनी लुना लांबून जवळ येते तशी. प्रज्ञेशनं वर पाहिलं आणि त्याच्या हातातली चादर गळून पडली. भोंगा वाजलाच नाही.

"काहून गप झाला?" माय म्हणाली. मग तिलाही कळलं. "ड्रोन येऊन राहिलं! अगं, त्यो खालीच हाय!" तिनं ओल्या हातानं फोन ओढून घेतला आणि जीव तोडून ओरडली, "माणूस हाय! ओ बाई, माणूस हाय खाली! माणूस हाय!"

मोठा आवाज झाला आणि फोन बंद पडला. तिकडून फुलसिंगभाऊ धावत आले. त्यांना वाटलं, तुरीत कुणी सापडलं.

वीस मिनिटं फोन लागला नाही. मी पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. माय मात्र पुन्हा टाकी धुवायला लागली होती. मग प्रज्ञेशचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी फोन कानाला लावून ऐकला. "ताई, मी बरा हाय. पल्याडच्या इमारतीवर पडलं. आमच्या पाळीचे दोघं गेले. मायला सांगू नको."

"बरा हाय त्यो," मी म्हणाले.

माय हसली. "ऐकलं बघ तिनं. गुणाची पोरगी हाय."

"कोण?"

"तिथली. तुझ्यावाणी ड्रोन चालवणारी. म्या वरडले आन थांबली."

आता मात्र मला राहवेना. त्या दोघांसाठीही कुणीतरी असंच ओरडलं असतं की. "माय, तिथं कुणी पोरगी न्हाई. ते फवारणीचं न्हाई, माणसं मारायचं हाय. आज दोघं मेले. लई लांबून सोडतेत, आन एकदा सोडलं की ते परत जात न्हाई. म्या खोटं बोलले."

तिनं हातातली टाकी खाली ठेवली.

"मंग म्या वरडले कुणाला?"

खोटं बोलल्याबद्दल तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. हात पदराला पुसून ती उठली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ते बोलायचं बटण दाब." मी दाबून फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"प्रज्ञेश, बाहीर निघ बाबा. तू निघस्तोर म्या हितंच उभी हाय."