भावाआधी चौकशी

रेडिओवाल्या वहिनींनी सुनेचा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि तेच पुन्हा वाचलं.

'मास्तर, गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नका हं.' हे वहिनींच्या नावानं लिहिलं होतं, पण लिहिणारा होता सुनेनं दुकानासाठी लॅपटॉपवर बसवलेला एआय एजंट. खाली मास्तरांचं ऐसपैस उत्तर. गुडघा, हवा, न लागणारी झोप, आणि मग कुठे त्या लाकडी रेडिओचा भाव.

"झोपेचं मला कधी बोलले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"आई, भावाआधी माणसाची चौकशी करायची, हे तुमचंच ना? तोच नियम घालून दिलाय त्याला." सून कपड्यांच्या घड्या घालत होती. "आता सौदे तो करतो. तुम्ही आराम करा."

आराम म्हणे. नवरा मागच्या खोलीत जुने रेडिओ बोलते करायचा आणि वहिनी ते विकायच्या. सगळा धंदा त्यांच्या जिभेवर उभा राहिला होता. मास्तर तर हक्काचं गिऱ्हाईक. एकेका रेडिओसाठी दोघांची घासाघीस दिवसचे दिवस रंगायची. आणि आता हा उपटसुंभ, ना तोंड ना कान, मास्तरांचा गुडघा कुरवाळत बसला होता. वर भावही वहिनींपेक्षा चढा मिळवत होता. ते जास्त झोंबलं.

सून घड्या घेऊन आत गेली तसा त्यांनी फोन लावला.

"मास्तर, गुडघा कसा आहे?"

"कुठला गुडघा?"

वहिनींनी पडद्यावरची गुडघ्याची ओळ त्यांना वाचून दाखवली.

"अच्छा, ते होय," मास्तर ओशाळून म्हणाले. "लेकीनं खरेदीला एजंट लावून दिलाय, वहिनी. तोच बोलतो तुमच्याशी. भाव उतरावा म्हणून गुडघा काढला असेल. मी आपला नुसता वाचतो. खरं सांगू? रागच यायचा त्याचा. माझ्याशी कधी इतक्या मायेनं बोलला नाहीत तुम्ही."

ती मी नव्हते, हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"झोपेचं तेवढं मी घातलं होतं मध्ये," मास्तर म्हणाले. "तुम्ही काय म्हणता बघावं म्हणून."

त्यावर दुकानाच्या एजंटनं दिलेलं उत्तर खाली असणारच होतं. वहिनींचा हात तिकडे गेला, घुटमळला. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

"का लागत नाही झोप?" त्यांनी विचारलं.