फेर्नांशेजारची जागा

सात तास मांडीवर शेवंतीची कुंडी घेऊन बसले होते मी. लीलहून पॅरिस, तिथे गाडी बदलायची, पुढे पुन्हा बदलायची, आणि प्रत्येक डब्यात कोणीतरी म्हणणार, "आजी, कुंडी वर ठेवून देऊ का?" नको. वर ठेवली की कलंडते, आणि मोडकी फुलं मी माझ्या माणसाला नेत नाही. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण. सगळं गाव शेवंती घेऊन दफनभूमीत जाणार, आणि माझा फेर्नां तिथे अकरा वर्षं झोपलाय. गुडघ्याच्या ऑपरेशनांमुळे दोन वर्षं मला येता आलं नव्हतं. म्हणून स्टेशनवरून टॅक्सी केली ती थेट दफनभूमीच्या फाटकाशी. माझ्या मैत्रिणीच्या, सोलांजच्या घरी नंतर.

दगडावर बघते तर फेर्नांच्या नावाखाली नवं कोरं, सोनेरी: रेमों व्हेर्दिए, १९४६, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा.

हा रेमों जिवंत आहे. चांगला ठणठणीत आहे. तीन वर्षांपासून सोलांजचा जोडीदार म्हणून तिच्या घरात राहतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ती ओळ माझी होती.

फेर्नां काही या गावचा नव्हे, मीही नव्हे. सोलांज आणि मी लीलच्या सूतगिरणीत शेजारी शेजारी उभ्या राहायचो, तेव्हापासूनची आमची मैत्री. नंतर ती आपल्या गावी परतली, आणि एका शनिवारी आम्ही दोघं तिच्याकडे आलो. फेर्नां तिच्या परसातल्या चेरीच्या झाडाला शिडी लावून चढला, आणि खाली आला तो गेलेलाच. लीलला आमची जागा घेतलेली नव्हती. सोलांज म्हणाली, "आमच्या घराण्याच्या थडग्यात ठेव त्याला. पाच जणांची सोय आहे. आई, बाबा, आता फेर्नां. मग तू आणि मी." हात हातात घेऊन म्हणाली होती. त्या शब्दावर मी अकरा वर्षं काढली.

गाव फार देखणं आहे म्हणतात. पिवळा दगड, खाली नदी, पुलावर फोटो काढणारी माणसं. त्यांतल्या दोघांना मी बॅगेने ढकलत वर चढले.

सोलांजने दार उघडून गाल पुढे केला. मी सरळ आत गेले आणि कुंडी तिच्या जेवणाच्या टेबलावर आपटली. शेवंती थडग्यावर ठेवायची, जिवंत माणसांच्या घरात आणत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं म्हणूनच आणली.

"उचल ते आधी," ती म्हणाली.

"माझ्या जागेवर कोणाचं नाव कोरलंयस?"

"अगं, बस तरी."

"नाही बसत."

रेमों शेगडीपाशी लसणाचं सूप ढवळत होता. "ह्युगेतबाई, गरम गरम थोडं घ्या ना..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्ही अजून मेला नाहीत."

सोलांजने कमरेवर हात ठेवले. "तूच म्हणालीस फोनवर. मला जाळा, राख समुद्रात टाका, पण त्या रेमोंच्या संगतीत मी एका खड्ड्यात पडायची नाही. म्हणालीस की नाही?"

"रागात म्हणाले."

"मग मला कसं कळायचं बाई? पन्नास वर्षांत बिनरागाचं काय बोललीस तू?"

"विचारायचंस तरी."

"फोन उचललास? तीनदा केला. आणि दोन वर्षं दगड कोण घासतं माहितीय? फेर्नांच्या नावात शेवाळ भरलं होतं. याने दात घासायच्या ब्रशने एकेक अक्षर मोकळं केलंय."

याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. माझ्या नवऱ्याचं नाव परक्या माणसाने घासायचं, आणि वर मी उपकार मानायचे. न जेवता मी माडीवर जाऊन पडले. सुपाचा वास छान येत होता, त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळं गाव दफनभूमीत जमलं. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत ओळीने निघाले. मी कुंडी रेमोंच्या नावावर ठेवली आणि स्वतः दगडावर ठाण मांडून बसले.

"ऊठ," सोलांज दातओठ खात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. अकरा वर्षं मी माझ्या नवऱ्याला भेटायला पाहुणी म्हणून येतेय. तुझं फाटक, तुझा दगड, तुझी झारी. पाणी घालायचं तरी तुला विचारून. आता तर मेल्यावरही आत घ्यायला तयार नाहीस. मी उठणार नाही."

पाद्रीबाबा आले, थोडे घोटाळले, मग थडग्यावर शिंपडलं तसं माझ्यावरही शिंपडलं आणि पुढे गेले.

तेव्हा रेमोंने टोपी काढली. "ह्युगेतबाई, मी माझं नाव खोडून घेतो. माझ्या पहिल्या बायकोशेजारी तूलच्या दफनभूमीत जागा आहे. मी तिकडे जाईन."

सोलांजचा चेहरा एकदम उतरला. तो चेहरा मी ओळखला. चेरीच्या झाडाखाली माझा तसाच झाला असणार. तिलाही आपलं माणूस शेजारी हवं होतं, दुसरं काही नाही. ओळखला म्हणून माझा राग गेला असं मात्र नाही. मी बसूनच राहिले.

"तू कुठेही जाणार नाहीस," ती शेवटी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सरक."

मी सरकले. ती शेजारी बसली. दगड गार होता.

"आईबाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "दोघांची हाडं एका पेटीत गोळा करता येतात. नगरपालिकेची परवानगी लागते. एक जागा मोकळी होते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिची आई शेवटची वीस वर्षं नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मरताना तिने सोलांजकडून वचन घेतलं होतं, की खालीसुद्धा दोघांच्या मध्ये फळी असली पाहिजे. हे त्या गिरणीतल्या दिवसांत सोलांजनेच मला सांगितलं होतं, रडत रडत.

चांगली बाई असती तर म्हणाली असती, राहू दे गं. मी तसं म्हटलं नाही. मला फेर्नांशेजारी जागा हवी होती.

"कधी करणार?" मी विचारलं.

"डिसेंबरात. तू नको येऊस, गुडघे सांभाळ तुझे."

"येणार. तुझी आई शिव्या घालेल. त्या खायला मी नको?"