झालं आणि झालंच

मित्रांनो, मी फळा आहे, आणि आता म्हातारा झालो आहे. शाळेतला खडू खाणारा काळा फळा नव्हे; मी पांढरा, गुळगुळीत. पत्र्यावर रंगाचे थर चढवून मला कारखान्यात घडवलं आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतीला ठोकलं.

माझ्या डाव्या अंगाला करायच्या कामांच्या चिठ्ठ्या लागत. त्या ढिगाला तिथे बॅकलॉग म्हणत. त्यातली कुठली कामं पुढच्या तारखेला द्यायची, हे माझ्यासमोर भांडून ठरे. ठरलेल्या चिठ्ठ्या मधे येत आणि पुऱ्या झाल्या की उजवीकडच्या 'झालं' या चौकटीत जात. पहिलं काम वेळेवर गेलं तेव्हा सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढला होता. पुढे मोठा स्क्रीन आला आणि माझ्या कोपऱ्याला लोक छत्र्या अडकवू लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मॅनेजरबाईंचा विश्वास अजून माझ्यावरच होता.

एकदा लहान मुलांच्या हॉस्पिटलचं काम आलं. बाळाच्या वजनावरून औषध किती द्यायचं, ते सांगणारं सॉफ्टवेअर. कामं चौदा, वेळ जेमतेम नऊंपुरता. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वजन बदललं की मात्रा पुन्हा मोजणे.'

"याचं काय?" बाईंनी विचारलं.

"झालंच समजा, मॅडम," प्रोग्रॅमर म्हणाला.

बाईंनी 'झालं' ऐकलं. चिठ्ठी उजवीकडे गेली आणि तिच्या जागी बॅकलॉगमधली दुसरी आली. काम तपासणारा गृहस्थ त्या दिवशी रजेवर होता. सगळे त्याला शंकासुर म्हणत. तपासलेल्या चिठ्ठीवर तो हिरवा ठिपका देई. हिच्यावर ठिपका नव्हता. मला दिसत होतं, पण फळ्याला कुठलं तोंड! पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी तो दिवस उजाडला. पाच वाजता हॉस्पिटलमध्ये सॉफ्टवेअर सुरू होणार होतं. साडेचारला शंकासुर माझ्यासमोर आला आणि ठिपके मोजू लागला. एकदा मोजले. पुन्हा मोजले.

"मॅडम, ही मी बघितलेलीच नाही."

"अहो, आता ऐन वेळी कुठे घोडं पेंड खातंय? ते झालंय!"

त्याने कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. एका काल्पनिक बाळाचं वजन आठ किलो लिहिलं, मग चूक सुधारावी तसं पाच केलं. मात्रा हलली नाही. आठ किलोचीच राहिली.

प्रोग्रॅमरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अर्ध्या दिवसाचंच उरलं होतं," तो म्हणाला. "मग दुसरं काम अंगावर आलं आणि ते राहूनच गेलं. चुकलं माझं."

"मीही नीट कुठे ऐकलं?" म्हणत बाईंनी फोन उचलला. "आज देता येणार नाही. काम झालेलं नाही." पलीकडचा आरडाओरडा मलासुद्धा ऐकू येत होता. बाई उभ्या राहून तो सगळा ऐकत राहिल्या. घड्याळात पाचला दहा कमी होते.

तारीख चार दिवस पुढे गेली. मित्रांनो, मला रोज ओल्या फडक्याने पुसा, कोरडं घासू नका, हे तर मी मागेनच. पण कुणी 'झालंच' म्हणालं, तर त्या 'च'पाशी थांबा आणि काय राहिलंय ते विचारा. मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.