दुसऱ्या पानावरचा जावई

तळेगावच्या सासुरवाडीत मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. अकराव्या दिवशी मला कळलं की माझी बॅग माळ्यावर आहे आणि शिडी शेजाऱ्यांनी रंगकामासाठी नेली आहे.

याला कारण मीच. फेब्रुवारीत सासरे प्रभाकरराव यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. पाचही मुली, पाचही जावई हजर. प्रत्येक जोडप्याने दोघा म्हाताऱ्यांचे पाय धुतले, ओवाळलं, आहेर केला आणि आर्वीच्या शूटिंगवाल्याने ते सगळं टिपून एका पेनड्राइव्हवर दिलं. प्रभाकररावांनी पेनड्राइव्ह चष्म्याजवळ धरला.

"एवढुसा? याच्यावर नाव कुठी लिहू?"

चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. ज्या वस्तूवर नाव लिहिता येत नाही ती त्यांच्या लेखी नसतेच. त्यांना डीव्हीडी हवी होती. तिच्यावर स्केचपेनने तारीख टाकून ती कपाटात उभी ठेवता येते. "कोनाले कॉम्प्युटर येते?" असं त्यांनी पंगतीत विचारलं तेव्हा चारही थोरल्या जावयांनी तत्परतेने ताटात पाहिलं. मला खाली पाहायला थोडा उशीर झाला.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. समोरच्या पर्यायांतून निवड कशी करावी हे दरवर्षी शंभरेक मुलांना सांगतो. मे महिन्याची सुटी लागताच लॅपटॉप, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर आणि पत्नी ज्योत्स्ना यांच्यासह तळेगावला पोचलो. प्रभाकररावांनी अंगणातच जाहीर केलं, "डीव्हीडी झाल्याबिगर जवाईबुवाले सोडाचं नाई." हे प्रेमाने म्हटलं होतं. प्रेमाने म्हटलेल्या गोष्टीवर अपील नसतं.

त्यांची अपेक्षा साधी होती. डीव्हीडी टाकली की टीव्हीवर पाटी आली पाहिजे. पाटीवर पाच मुलींचे पाच फोटो. सुमित्राच्या सासरचे पाहुणे आले की सुमित्राचा फोटो दाबायचा, तिचंच शूटिंग लागलं पाहिजे. "आलेल्या मानसाले दुसऱ्याचा आहेर काहाले दाखवाचा?"

इंटरनेटवर चौकशी केल्यावर कळलं की यासाठी दोन प्रकारची सॉफ्टवेअर मिळतात: नवशिक्यांचं सोपं आणि जाणकारांचं अवघड. एका लेखात सल्ला होता की निवड करण्याआधी आपण कोण आहोत हे स्वतःला विचारा. मी अकरा दिवस जावई होतो. दुसरं काही असल्याचं आठवत नव्हतं. मी महिनाभर फुकट चालणारी दोन्ही सॉफ्टवेअर उतरवून घेतली.

अवघड सॉफ्टवेअर उघडलं की राखाडी रंगाच्या नऊ खिडक्या उघडतात आणि कोणीच काही बोलत नाही. मी ते बंद केलं. सोपं सॉफ्टवेअर मात्र स्वभावाने चांगलं होतं. ते प्रत्येक पायरीवर 'पुढे' म्हणे आणि मी पुढे जाई. कूलरसमोर बसून, दोन वेळा आमरस आणि गव्हाचे सरगुंडे खाऊन, मधल्या शुद्धीच्या काळात मी तीन दिवसांत पाचही शूटिंग आत टाकली. पाटीसाठी त्यात 'कुटुंब' नावाचा तयार नमुना होता. झेंडूच्या माळा लावलेल्या चौकटी, मागे गुलाबी ढग. प्रभाकररावांना ढग फार आवडले.

चौकटी चार होत्या.

पाचवा फोटो टाकला की सॉफ्टवेअर आपण होऊन दुसरं पान काढी. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण येई. तो दाबला की दुसऱ्या पानावर, त्याच अफाट ढगांमध्ये, एकच चौकट. चाराच्या पाच चौकटी करायची सोय सोप्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. अवघडमध्ये हव्या तितक्या करता येत.

त्याच दुपारी पुलगावहून थोरले साडू तानबाजी यांचा फोन आला.

"काय म्हन्ते नरहरराव, आमचा फोटो वरतं आहे ना, डावीकडे? पूजेत बी आमीच पयले होतो."

"आहे ना."

"मंग झालं. तसा मी काई मानपानवाला मानूस नाई. फक्त इचारून राह्यलो."

बाकीच्या तिघांपैकी दोघांनीही संध्याकाळपर्यंत फक्त विचारलं. तिसऱ्याने बायकोला विचारायला लावलं. तेव्हा दुसऱ्या पानावर कोण, हा प्रश्न अर्थशास्त्राचा राहिला नव्हता. सगळ्यांत धाकटा जावई मी. माझा मान मला एरवीही फारसा वापरावा लागत नाही. मी आमचा फोटो ढगांत नेऊन ठेवला आणि या त्यागाबद्दल मला रात्रभर बरं वाटत होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी डीव्हीडी लागली. रिमोट प्रभाकररावांच्या हातात. सासूबाई, म्हणजे आनंदाबाई, खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसल्या. ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. प्रभाकररावांनी एकेक करून चारही फोटो दाबले. चारही लेकी आल्या, चारही जावई वाकले. कोपऱ्यातला बाण त्यांना नक्षीतला वाटला असावा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वा!" ते म्हणाले. "झालं सगळं."

"झालं सगळं," आनंदाबाईही म्हणाल्या आणि डोळे पुसत उठल्या.

मी बाण दाखवणार होतो. पण त्याच क्षणी प्रभाकरराव खिडकीतून ओरडले, "अरे, शिडी पाठोजो रे, जवाईबुवाची बॅग काढाची आहे!" आणि माझं तोंड आपोआप मिटलं. दुपारी तीनची बस होती. बाणाबद्दल नंतर फोनवरही सांगता आलं असतं.

ज्योत्स्ना हात धुऊन बॅग भरायला लागली. ती भांडेल अशी माझी तयारी होती. त्यागाचं उत्तरही तयार होतं. ती मात्र साड्यांच्या घड्या नको तितक्या नीट घालत होती.

"तो बाण त्यांच्या लक्षात आला नाही," मी म्हणालो.

"नाईच येनार." वर्ध्यात ती माझ्यासारखंच बोलते, तळेगावात तिची भाषा स्टँडवरच बदलते. तिने भिंतीवरच्या फोटोकडे मान केली. आर्वीच्या स्टुडिओत काढलेला जुना फोटो: प्रभाकरराव, आनंदाबाई आणि सारख्या फ्रॉकमध्ये चार मुली. चौदा दिवस मी त्याच्याखाली बसून जेवत होतो. "तो काढला तवा बाबा फोटोवाल्याले म्हनलेते, आता झालं सगळं. मंग दोन वर्सांनी मी झाली."

"दुसरा फोटो नाही काढला?"

"काऊन काढतीन? एवढा चांगला आलता." तिने बॅगेची चेन लावली. "चला. बस चुकन."

दुसऱ्या पानावर माझा मान ठेवला आहे अशी माझी समजूत होती. तो माझा नव्हताच.

मी बैठकीत गेलो. प्रभाकरराव स्केचपेनचं टोपण काढून डीव्हीडीवर तारीख टाकायच्या बेतात होते.

"थांबा," मी म्हणालो. "एक चूक राहिली आहे. ज्योत्स्ना राहिली."

प्रभाकररावांनी टीव्हीकडे पाहिलं, आनंदाबाईंकडे पाहिलं. पेन हातात तसंच राहिलं. "हौ ना," ते म्हणाले. "लहानी राह्यली." मग दुकानदाराच्या आवाजात, "किती दिस लागतीन?"

"सांगता येत नाही."

बॅग परत वर गेली. मी राखाडी खिडक्या उघडल्या.

पुढचे सोळा दिवस मी त्या नऊ खिडक्यांमध्ये राहिलो. अवघड सॉफ्टवेअर सगळं करू देतं आणि कशातही मदत करत नाही. चौकट स्वतः काढायची, रंग स्वतः द्यायचा, रिमोटचं वरचं बटण दाबलं तर निवडलेल्या चौकटीवरचा उजेड कुठून कुठे जाईल हे प्रत्येक चौकटीला वेगळं समजावून सांगायचं. नऊ डीव्हीड्या वाया गेल्या. एकीत सुमित्राताईंचा फोटो दाबला की तिसऱ्या साडूंचा आहेर लागे. ती मी स्वतःच्या हाताने मोडली. ढग प्रभाकररावांच्या आग्रहावरून पुन्हा आणावे लागले. पहिले काही दिवस ज्योत्स्ना फक्त चहा ठेवून जाई. नंतर खुर्ची ओढून बसायला लागली.

पाचही चौकटी एका पानावर आल्या तेव्हा जून लागला होता. वर थोरल्या दोघी, खाली तिघी. तानबाजी वर डावीकडे, वचनाप्रमाणे.

"डीव्हीडी टाकल्याबरोबर उजेड पयले कोनावर येते?" ज्योत्स्नाने विचारलं.

"आपण सांगू तिच्यावर."

तिने खालच्या ओळीतल्या शेवटच्या, स्वतःच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"तानबाजींचा फोन येईल," मी म्हणालो.

"येऊ द्या."

मी तसं सांगितलं. यंत्राने काही विचारलं नाही.

प्रभाकररावांनी तारीख टाकून डीव्हीडी कपाटात उभी केली. ती तिथे एक रात्र राहिली. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेल्यावर आनंदाबाईंनी ती हळूच काढून लावली. रिमोटवरचं मधलं, उजेड असेल ती चौकट लावणारं बटण तेवढं त्यांना येतं. त्यांनी ते दाबलं. ज्योत्स्ना पाय धुवायला वाकली, मागे मी तांब्या घेऊन उभा होतो. संपलं, पाटी आली, उजेड पुन्हा तिथेच. त्यांनी पुन्हा मधलं बटण दाबलं.

ज्योत्स्ना दारात उभी राहून मोजत होती. चौथ्यांदा सुरू झालं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"आनखी चार दिस राहू," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. दुसरा पर्याय मला दिसत नव्हता.