वैद्यबुवांचे गाल

"आई, कडी लावू नकोस गं, आलोच मी!"

जिन्याच्या खालच्या पायरीवरून आलेला तो आवाज. पाठोपाठ चपलांची फटफट, आणि मग मोर्च्याच्या गलबल्यात सगळंच विरून गेलं. त्याला एक तप उलटलं. दाराची कडी मात्र त्यानंतर कधी लागली नाही. वारा दार ढकली, मांजर दार ढकली, आणि म्हातारी दर वेळी मान वर करून बघे.

त्या दुपारी हमरस्त्यावर गोळीबार झाला होता. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा शवागारात जाऊन आला. मोरीत हात धुता धुता, पाठमोराच म्हणाला, "त्यात आपला नव्हता." तेवढ्यावर तिने पुढचा संसार रेटला.

नवरा मूर्तिकार. हमरस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले थोर लोक त्याच्याच हातचे: सेनापती, कवयित्री, धरण बांधणारा इंजिनिअर. कुणी मोठं माणूस गेलं की याला बोलावणं यायचं. प्लास्टरची पिशवी खांद्याला अडकवून तो जायचा, आणि मेलेल्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन यायचा. प्लास्टर ती चाळायची, साचे ती धुवायची.

पुढे वैद्यबुवांचा पुतळा ठरला. त्यांचा चेहरा तेवढा कुणी पाहिलेला नव्हता. जुन्या काळचा माणूस. महामारीत लोकांसाठी झिजून गेला, मागे तसबीरही नाही. मूर्तिकाराने त्यांना आपल्या मुलाचा चेहरा दिला. अनावरणाच्या दिवशी तिने गर्दीच्या मागून वर पाहिलं आणि लोकांना ढकलत चौथऱ्यापर्यंत गेली. "आठवणीतून केला," तो एवढंच बोलला.

तेव्हापासून बाजाराला जाताना तिची वाट वाकडी व्हायची. उंच चौथऱ्याखाली उभी राहून ती विचारायची, "काय वैद्यबुवा, जेवलात का?" डोक्यावर कबुतरं दिसली की घरी येऊन नवऱ्याला टोमणा, "त्याच्याकडे पाहुणे तरी येतात. आपल्याकडे कुत्रंही फिरकत नाही."

परवा एका ट्रकने चौथऱ्याला धडक दिली. पुतळा कोसळला, मान तुटली. हमालांनी डोकं दुरुस्तीला घरी आणलं. पुढची खोली हाच कारखाना होता.

"बाई, काय जड डोकं हो! माणूस हुशार असणार."

"असणारच," ती म्हणाली. लेक कुणाचा, हे शब्द तिने ओठांतच ठेवले.

हमाल गेले. तिने फडकं ओलं केलं. इतकी वर्षं उंचावर असलेलं ते तोंड आज हाताशी आलं होतं. कपाळ पुसलं, भुवया पुसल्या, हनुवटीची खळी पुसली. गाल पुसताना बोटं कानाजवळ थबकली. पुन्हा फिरवली. पुन्हा थबकली.

"अहो."

"हं."

"याचे गाल मागे का गेलेत?"

कानस चालवणारा हात थांबला. "पडताना चेपले असतील."

"चेपलेलं मला कळतं. माणूस मेला, उताणा पडला की मांस कानांकडे उतरतं. साच्यावरून पुतळा घडवताना ते मातीत पुढे आणायचं. तुम्हीच शिकवलंत ना मला, कवयित्रीच्या वेळी? सगळ्यांचं आणलंत पुढे."

"वय झालं होतं गं. चुकतो हात."

"आठवणीतला मुलगा उताणा कसा निजेल हो?"

तिला मोरीतली ती पाठ दिसली. संपता न संपणारं ते हात धुणं दिसलं.

"त्या दिवशी तुमच्या नखांत पांढरं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, कालचं राहिलं असेल."

वाऱ्याने दार ढकललं. आज तिने मान वर केली नाही.

मूर्तिकार खाली बसला. तुटलेल्या मानेवर तळवा ठेवून, तिच्याकडे न बघता बोलला,

"तोच होता. देह देत नव्हते. हातापाया पडलो, तेव्हा चेहरा तेवढा घेऊ दिला. गार पडला होता गं पोरगा... दोनदा गाल पुढे आणले मी. आणले की तो दुसराच कुणी दिसायचा. मग ठेवले तसेच. आणि तुला सांगितलं असतं, तर तू कडी लावली असतीस."