डावीकडचा चिखल

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. माझे केस बैलाच्या कानातले आहेत. ते मऊ असतात आणि रंग चांगला धरतात, म्हणून पाट्या रंगवणारे लोक असे कुंचले घेतात. आता माझे निम्मे केस गळले आहेत. उरलेले चारी दिशांना फाकले आहेत. मी थकलो आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगतो.

जुन्नरच्या महंमद हनीफ पेंटरांनी मला विकत आणलं. ते आळेफाट्याच्या गॅरेजांत ट्रकवर नावं लिहायचे. मी ट्रकच्या मागच्या फाळक्यांवर मोर काढले, कमळं काढली, मालकांच्या मुलांची नावं लिहिली. ट्रक आला की हनीफभाई आधी क्लीनरवर ओरडायचे, "चिखल पूस पयला! चिखलावर रंग बसतो व्हय?" त्यांच्या अक्षराचं लोक कौतुक करायचे. अक्षर त्यांचं होतं, पण टोक माझं होतं.

मग छापील स्टिकर आले. पाट्याही छापून मिळू लागल्या. हनीफभाई घरी बसले. त्यांचा हात थरथरू लागला. मी एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. डब्यात दिवस कळत नाहीत.

एकदा पावसाळ्याच्या शेवटी मढचे सयाजी दफेदार आले. दफेदार म्हणजे त्यांचा सैन्यातला हुद्दा. रणगाड्यावर नोकरी करून ते केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या हातात बुटाचा खोका होता. खोक्यात वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या नातीनं, समृद्धीनं, तो मागवून जोडला होता आणि हिरवा रंगही दिला होता.

"हनीफभाई, याला चिखल लावून द्या."

हनीफभाई हसले. "जल्मभर चिखल पुसून रंग दिला. आता रंगावर चिखल लावू म्हणता?"

"हा असा नवरीवानी नटलेला रणगाडा म्या कदीच बगितला न्हाई. आमचा चिखलातच असायचा."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका सरावात त्यांचा रणगाडा दलदलीत रुतला होता. सयाजी वर उभं राहून वाट सांगायचे आणि आहुप्याचा जानकू खाली बसून चालवायचा.

"म्या वायरलेसवर 'डावीकडं' म्हनलो. समद्यांनी ऐकलं. यानं घातला उजवीकडं. उजव्या चाकांचा पट्टा गेला की खाली! साहेब आले तवर गाडी वढून काढलेली. साहेबांनी इचारलं, म्या सांगितलं. जानकूला बढतीची फीत मिळायची व्हती, ती ऱ्हायली. तवापासनं बोलत न्हाई माझ्याशी. आता त्याचे पाय गेलेत म्हनं. दसऱ्याला सोनं घिऊन जातो. संगं ह्यो रणगाडा निला तर तोंड तरी उघडंल."

हनीफभाईंनी डबा उघडला. नवे कुंचले त्यांनी बाजूला ठेवले आणि मला उचललं. "अक्षराला टोक लागतं. चिखलाला फाकलेलाच बरा."

मित्रांनो, चिखल लावणं सोपं नाही. पहिल्या दिवशी हनीफभाईंनी अंगणातली माती गोंदात कालवून थापली. सयाजी म्हणाले, "ह्ये चिखल न्हाई, धोंडे झाले." खरंच होतं. एवढ्याशा रणगाड्यावर मातीचा एक खडा शिळेएवढा दिसतो. मग माती मलमलच्या फडक्यातून तीनदा चाळली. तिच्यात पांढरा गोंद आणि पाणी घातलं. केरसुणीचे तुकडे बारीक कातरून गवत म्हणून मिसळले. आधी पातळ काळपट रंग सांध्यासांध्यांत सोडला, म्हणजे जुनं तेल ओघळल्यासारखं दिसलं. कडांवर शिसपेन्सिल घासली, म्हणजे रंग उडून लोखंड उघडं पडल्यासारखं वाटलं. त्यानंतर मला चिखलात बुडवून पट्ट्यांवर ठोकायला सुरुवात केली. शेवटी माझ्या केसांवरून नख ओढून बारीक शिंतोडे उडवले. हनीफभाईंचा हात थरथरत होता. अक्षर त्यानं बिघडलं असतं. चिखल मात्र त्यानं सुधारला.

उजवीकडे पट्टा बुडेल इतका चिखल लावला. डावीकडे नुसते शिंतोडे. पंधरा दिवस लागले आणि माझे कितीतरी केस त्या कामात गेले. तरी मला बरं वाटत होतं. सयाजींनी रणगाडा बघितला, मान डोलावली आणि खोक्यात घालून नेला. मला वाटलं, माझं काम संपलं.

खंडेनवमीला दुपारी ते पुन्हा दारात उभे. खोका उघडला, तर रणगाडा स्वच्छ हिरवा! तोफेच्या नळीला झेंडूचं फूल, पुढे हळदीकुंकवाची बोटं.

"साळूनं धुतला," सयाजी म्हणाले. साळुबाई म्हणजे त्यांची बायको. "सकाळी टॅक्टर धुतला, इळं-खुरपी धुतली, पंप धुतला. त्यातच ह्योबी घासला काथ्यानं. म्या वरडलो तर म्हनती, 'सनाच्या दिवशी घाण गाडी द्येवापुढं ठिवू व्हय? घरी आनून चार दिस झालं, धुयाची अक्कल नाय तुमाला.' काय बोलनार?"

हनीफभाई हसायला लागले, आणि हसता हसता खाली बसले. पंधरा दिवसांचं काम बादलीत गेलं होतं. दसरा उद्यावर आला होता.

"मोरीत वाहिलेला चिखल काय परत येतो? पुढच्या दसऱ्याला न्या," ते म्हणाले.

"पुढच्या दसऱ्याला दोगांपैकी कोन असंल?"

हनीफभाईंनी चष्मा लावला. माती चाळलेली शिल्लक होती. ऊन कडक होतं. त्यांनी गोंद कालवला, मला बुडवलं आणि उजव्या पट्ट्याजवळ नेलं.

"थांबा," सयाजी म्हणाले.

मी हवेतच राहिलो. माझ्या केसांतून एक थेंब खाली पडला.

"उजवीकडं नगं. डावीकडं लावा."

"मागच्या टायमाला तर उजवीकडं म्हणाला होता."

सयाजींनी नळीवरचं झेंडूचं फूल काढून बाजूला ठेवलं. "मागच्या टायमाला खोटं म्हनलो. पंचेचाळीस वर्सं तेच म्हनतोय. म्या डावीकडं म्हनलो, त्यानं डावीकडंच घातला, आन डावा पट्टा रुतला. चूक माझी व्हती. माझं बोलनं समद्यांनी ऐकलं व्हतं, ते बदलता येईना. म्हनून बाजू बदलली."

हनीफभाईंनी रणगाडा हातात फिरवला आणि मला डाव्या पट्ट्यावर ठोकलं. एका दुपारीत पंधरा दिवसांचं काम करायचं होतं. आम्ही दोघंही दमलो. पत्र्यावर उन्हात रणगाडा वाळत ठेवला, तेव्हा हनीफभाईंना बोटं सरळ करता येत नव्हती.

दसऱ्याला सयाजी आणि हनीफभाई घोडेगावच्या रस्त्यानं आहुप्याला गेले. खड्ड्यांच्या धक्क्यांनी रणगाड्याचा चिखल गळला तर पुन्हा लावायला हवा, म्हणून मीही हनीफभाईंच्या खिशात होतो.

जानकू पडवीत घोंगडीवर बसले होते. सयाजींनी रामराम घातला. उत्तर आलं नाही. सयाजींनी आपट्याची पानं पुढे केली. जानकूंचा हात हलला नाही. मग सयाजींनी पानं घोंगडीवर ठेवली, खोका उघडला आणि रणगाडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

जानकूंनी आधी उजवी बाजू बघितली. ती जवळजवळ कोरडी होती. त्यांनी रणगाडा फिरवला. डाव्या बाजूवर त्यांचं बोट हळूहळू फिरलं.

"चिखल कमी हाय," ते म्हणाले.

"आं?"

"माझ्या हनवटीपत्तुर आलता. तू वर हुबा व्हतास. तुला काय दिसनार?"

हनीफभाईंनी मला खिशातून काढून पुढे केलं. जानकूंनी नातवाला अंगणातला ओला चिखल आणायला लावला आणि स्वतःच्या हातानं मला रणगाड्यावर ठोकलं. चालक बसतो त्या झडपेपर्यंत चिखल चढवला. त्यांना हनीफभाईंची कला येत नव्हती. खडे तसेच राहिले. माझे केस तुटत होते, पण मी तक्रार केली नाही.

"येवढं सांगाया रनगाडा लागला व्हय रं तुला?"

"तोंडानं जमंना, जानकू."

"फीत गेली ती गेली." जानकूंनी पानं उचलली नाहीत, पण बाजूलाही सारली नाहीत. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, तीन कप च्या टाक. पावनं लांबनं आल्यात."

त्या गडबडीत मी पडवीच्या कठड्यावर राहिलो. केसांतला चिखल वाळून दगड झाला. आता मला पाण्यात बुडवून काही उपयोग नाही. धुवायला गेलं तर उरलेले केसही तुटतील.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. कुंचला वापरून झाला की तो ओला आहे तोवर धुवा. उद्या धुऊ म्हणून ठेवू नका. वाळलेला चिखल निघतो, पण केस घेऊन निघतो.